वीस गुणांची मेहेरबानी

ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या शालेय अभ्यासक्रम आराखड्यातील एक तरतूद लोकांपुढे आली, चार दिवस वर्तमानपत्रांतून गाजली आणि विस्मरणात गेली. दहावीला गणित वा विज्ञान या विषयांत ३५ गुण न मिळालेल्या, परंतु निदान २० गुण मिळवलेल्या विद्यार्थ्याला अकरावीचा दरवाजा उघडा राहील. मात्र त्याच्या प्रमाणपत्रावर असा शेरा पडेल की, यापुढे गणित-विज्ञानावर आधारलेले शिक्षणक्रम त्याला घेता येणार नाहीत. शेरा नको असेल त्याने पुन्हा परीक्षेला बसावे. नवा अभ्यासक्रम दहावीपर्यंत येऊन पोहोचेल तेव्हाची ही व्यवस्था. गणिताच्या धास्तीने मुले शाळा सोडतात, त्यांना शिक्षणाच्या प्रवाहात टिकवायचे आहे, अशी तिची कैफियत देण्यात आली. कैफियत ऐकायला गोड आहे. तिच्यामागचे गणित मात्र तपासून पाहण्याजोगे आहे, आणि ते दहावीच्या बीजगणिताच्या पलीकडचे नाही.

आजच्या पद्धतीत गणिताचे १०० गुण असे विभागलेले आहेत : भाग १ म्हणजे बीजगणित ४०, भाग २ म्हणजे भूमिती ४०, आणि शाळेच्या हातचे अंतर्गत मूल्यमापन २०. लेखी परीक्षेतील गुण क्ष मानले आणि अंतर्गत गुण य मानले, तर अट एवढीच उरते की क्ष + य ही बेरीज २० पेक्षा कमी नसावी. य ची कमाल किंमत २० आहे. ती पुरती मिळाली, आणि आपल्या निकालाची टक्केवारी सांभाळणारी कोणती शाळा ती देताना हात आखडता घेईल, तर क्ष ची किमान किंमत शून्य येते. लेखी परीक्षेसाठी वेगळा किमान गुण ठरवला नाही, तर कोरी उत्तरपत्रिका देऊन येणारा मुलगाही या चाळणीतून खाली पडणार नाही. दहा वर्षे शाळेत बसवून, पाढे म्हणवून, अखेर कोऱ्या कागदावर समाधान मानायचे आणि त्या समाधानाची किंमत मुलाच्या प्रमाणपत्रावर कायमची लिहून ठेवायची, असा हा व्यवहार आहे. यात शाळेचे काही जात नाही, शासनाचेही नाही. एक शिक्षक वाढत नाही, एक वर्गखोली वाढत नाही. जाते ते फक्त मुलाचे.

हा शेरा कोणाच्या प्रमाणपत्रावर उमटणार? दादर-पार्ल्यातील ज्या घरी आठवीपासून क्लासची फी भरली जाते, तेथे तो फारसा उमटणार नाही. तो उमटेल उल्हासनगरच्या कॅम्पांतून, अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीलगतच्या चाळींतून आणि बदलापूरच्या त्या इमारतींतून, जेथे आईबाप पहाटेच्या लोकलने जातात आणि मूल झोपल्यावर परततात. बदलापूर ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे अंतर सुमारे ६८ किलोमीटर आहे. लोकलचा सरासरी वेग ताशी ४० किलोमीटर धरला तर एका फेरीला १.७ तास लागतात. ह्या उत्तराशी शाळकरी मुले हटकून अडखळतात. कोणी १ तास ७ मिनिटे लिहितो, कोणी १ तास ७० मिनिटे. खरे उत्तर १ तास ४२ मिनिटे आहे. कारण दशांश सात म्हणजे साठ मिनिटांचे सात दशांश. जाऊन येऊन ३ तास २४ मिनिटे, आणि आठवड्याचे सहा दिवस धरले तर वीस तासांहून अधिक. हे तास ज्या बापाच्या आयुष्यातून गाडी गिळते, तो मुलाची वही केव्हा पाहणार? मुलाच्या चुकीचे मूळ शोधायला निघालेल्याने ती चूक ज्या घड्याळात घडते तेही पाहावे.

या तीन गावांचा इतिहासही येथे ध्यानात घेतला पाहिजे. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासितांना आणून वसवले गेले आणि १९४९ मध्ये त्या छावणीचे उल्हासनगर झाले. सर्वस्व गमावून आलेल्या त्या माणसांनी पापड-लोणच्यापासून यंत्रांच्या सुट्या भागांपर्यंत हरतऱ्हेचे उत्पादन उभे केले. पुढे जीन्सच्या शिलाईने शेकडो गाळे भरले. अंबरनाथला शस्त्रास्त्र निर्माणी आली आणि मागाहून औद्योगिक वसाहत. बदलापूरला १९८२ च्या गिरणी संपानंतरच्या काळात मुंबईत राहणे न परवडणाऱ्यांची रीघ लागली. म्हणजे कापणे, शिवणे, कातणे, वळणे, मोजणे हाच येथील लोकांचा धर्म. मायक्रोमीटरवर शतांश मिलिमीटर वाचणाऱ्या टर्नरच्या मुलाला ‘गणिताची बुद्धी नाही’ असे लिहून देणारी व्यवस्था नेमकी कोणाची अक्कल मोजते आहे?

आणि शेऱ्याचा मार कोठे बसतो तेही पाहावे. अभियांत्रिकीची दारे बंद झाली तर बिघडले काय, सगळ्यांनीच थोडे इंजिनियर व्हायचे असते, असे म्हणणारे शहाणे भेटतात. त्यांना औद्योगिक प्रशिक्षण संस्थेची माहितीपुस्तिका दाखवावी. फिटर, टर्नर, मशिनिस्ट, इलेक्ट्रिशियन ह्या व्यवसायांच्या प्रवेशाला विज्ञान आणि गणित घेऊन दहावी उत्तीर्ण ही अट आहे. शेरा मारलेले प्रमाणपत्र घेऊन अंबरनाथच्या कामगाराचा मुलगा तेथे गेला, तर त्याला कोणत्या खिडकीवर उभे करणार? त्याला बापाच्या यंत्रावरदेखील बसता येणार नाही. उरेल काय? कंत्राटदाराच्या हाताखाली पोती वाहणे आणि दुचाकीवरून दुसऱ्यांचे जेवण पोहोचवणे. स्वस्त मजुरांच्या बाजाराला असा तरुण हवाच असतो. आता त्याला शिक्का मारून पाठवण्याचे काम परीक्षा मंडळ करणार.

गणित कशासाठी, या प्रश्नाचे उत्तर वर्गात सहसा दिले जात नाही, म्हणून ते येथे एका उदाहरणाने देणे भाग आहे. समजा, कॅम्प नंबर पाचमधील एक बाई घरी मशीन मारते. एका आठवड्यात तिने ४० पँटी आणि ३० जाकिटे शिवली, हाती २,७०० रुपये आले. पुढच्या आठवड्यात ५० पँटी आणि २० जाकिटे, हाती २,५०० रुपये. दर विचारला तर मुकादम म्हणतो, ‘हिशेब शेटकडे आहे.’ तिची दहावीतील मुलगी पँटीचा दर क्ष आणि जाकिटाचा य मानते. ४०क्ष + ३०य = २,७०० आणि ५०क्ष + २०य = २,५००. दोन्ही समीकरणांना दहाने भागले की ४क्ष + ३य = २७० आणि ५क्ष + २य = २५० उरतात. पहिल्याला दोनाने व दुसऱ्याला तिनाने गुणायचे. येथे पुष्कळ मुले डावी बाजू गुणतात आणि उजवी तशीच ठेवतात. बरोबरीचे चिन्ह हे तराजूचे दांडे आहे, एका पारड्यात टाकले ते दुसऱ्यातही टाकावे लागते, एवढे कोणी समजावलेले नसते. नीट गुणले की ८क्ष + ६य = ५४० आणि १५क्ष + ६य = ७५०. वजाबाकी केली की ७क्ष = २१०; म्हणून क्ष = ३० आणि य = ५०. मग तिसरा आठवडा येतो. ४५ पँटी, २५ जाकिटे. हिशेबाप्रमाणे १,३५० अधिक १,२५० असे २,६०० रुपये व्हायला हवेत. पाकिटात निघतात २,३५०. अडीचशे रुपये कोठे गेले, हा प्रश्न विचारण्याचे बळ त्या मुलीला दोन चलांतील रेषीय समीकरणांनी दिले. मुकादमाला ती मुलगी वीस गुणांवर थांबलेली हवी आहे.

सांख्यिकीचे तर बोलायलाच नको. पाठ्यपुस्तकात मध्य, मध्यक आणि बहुलक यांच्या तीन सुबक व्याख्या असतात, मुले त्या घोकतात, आणि तीन निराळ्या गोष्टी का मोजायच्या हे बहुधा कोणी सांगत नाही. एखाद्या कारखान्याच्या हजेरीपटावर वीस नावे आहेत असे धरावे. पंधरा जणांना महिना १२,००० रुपये, चार कसबी कारागिरांना १८,००० आणि एका व्यवस्थापकाला, जो बहुधा मालकाचा पुतण्या असतो, १,२०,०००. एकूण ३,७२,००० रुपये. विसांनी भागले की सरासरी १८,६००. मालक पत्रकारांना सांगतो, ‘आमच्याकडे सरासरी पगार साडेअठरा हजारांवर आहे.’ तो खोटे बोलत नाही. फक्त विसांपैकी एकोणीस माणसांना त्या सरासरीहून कमी मिळते, कसबी कारागीरसुद्धा तिच्या खालीच राहतो, हे तो सांगत नाही. मध्यक १२,००० आहे आणि बहुलकही १२,०००. दरडोई उत्पन्नाच्या आकड्यावर देशाच्या प्रगतीचे पोवाडे गाणाऱ्यांची सारी किमया या एका उदाहरणात उघडी पडते.

याहून सूक्ष्म चूक सुशिक्षित माणसेही करतात. २००१ च्या जनगणनेत उल्हासनगरची लोकसंख्या ४,७३,७३१, अंबरनाथची २,०३,८०४ आणि बदलापूरची ९७,९४८ होती. २०११ मध्ये ती अनुक्रमे ५,०६,०९८, २,५३,४७५ आणि १,७४,२२६ झाली. वाढ अनुक्रमे ६.८, २४.४ आणि ७७.९ टक्के. तिन्ही गावांची मिळून वाढ किती, असे विचारले की दहांतले आठजण तीन टक्केवाऱ्यांची बेरीज करून तिनाने भागतात आणि ३६.४ टक्के असे उत्तर देतात. ते चूक आहे. तिन्ही गावे मिळून ७,७५,४८३ माणसे होती, ती ९,३३,७९९ झाली. म्हणजे वाढ २०.४ टक्के. टक्केवाऱ्यांची सरासरी काढताना प्रत्येकीचे वजन पाहावे लागते, कारण उल्हासनगरचा एक टक्का आणि बदलापूरचा एक टक्का यांत सारखी माणसे नाहीत. आणि बरोबर आलेले २०.४ देखील शाळांचे नियोजन करणाऱ्याला फसवते. कारण त्या आकड्यावर शाळा बांधणारा बदलापूरच्या मुलांना वर्गाबाहेर उभे करील. तेथे दहा वर्षांत माणसे पावणेदोन पटींहून वाढली. शाळा, शिक्षक, बाक, पाण्याचे नळ त्या पटीत वाढवणे ही ज्यांची जबाबदारी होती, त्यांनी आता उत्तीर्णतेची रेघ खाली ओढून हिशेब मिटवायचे ठरवले आहे. २०२१ ची जनगणना वेळेवर झालीच नाही, त्यामुळे त्यानंतर वाढलेली मुले सरकारदरबारी अजून जन्मलेलीही नाहीत.

आकड्यांवरून लढा होतो, हे मुंबईच्या कामगारवर्गाला कोणी शिकवण्याची गरज नाही. कामगारांचा महागाई भत्ता ग्राहक किंमत निर्देशांकाला जोडलेला होता. बाजारात भाव चढत होते आणि निर्देशांक त्या मानाने हलत नव्हता. निर्देशांकच चुकीचा आहे, असे कामगार संघटना म्हणू लागल्या, तेव्हा त्यांना आकडेशास्त्र कळत नाही असेच प्रथम म्हटले गेले. अखेर १९६३ मध्ये राज्य सरकारला अर्थशास्त्रज्ञ प्रा. डी. टी. लकडावाला यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती नेमावी लागली, आणि मुंबईचा निर्देशांक खरोखरच कमी दाखवला जात होता असे निष्पन्न होऊन तो वर न्यावा लागला. त्या चुकीपायी लाखो कुटुंबांच्या ताटातला घास कमी झाला होता. निर्देशांक म्हणजे तरी काय? कामगाराच्या खर्चात ज्या वस्तूचा वाटा जितका, तितके वजन तिच्या भाववाढीला देऊन काढलेली भारित सरासरी. ज्वारी-तांदूळ, घरभाडे, रॉकेल यांची वजने कोणी ठरवली, कोणत्या दुकानातील भाव घेतले, हे प्रश्न तेव्हा संघटनांनी विचारले म्हणून उत्तर मिळाले. आजही औद्योगिक कामगारांच्या निर्देशांकाचे आधारवर्ष २००१ वरून २०१६ वर गेले तेव्हा जुन्या आकड्यांशी सांधा जोडायला २.८८ हा गुणक ठरवण्यात आला. तो गुणक वापरून आपला भत्ता पडताळणारे किती कार्यकर्ते प्रत्येक कारखान्यात आहेत? शेरा मारलेल्या पिढीत किती असतील?

दहावीच्या बीजगणिताच्या पुस्तकात ‘अर्थनियोजन’ नावाचे प्रकरण आहे. त्यात वस्तू व सेवा कर आहे, शेअर्सची दर्शनी किंमत आणि बाजारभाव आहे, दलाली आहे, म्युच्युअल फंड आहे. हे शिकवू नये असे कोणी म्हणणार नाही. शत्रूची भाषा यावीच. पण ज्या मुलांपैकी बहुतेक जन्मात शेअर खरेदी करणार नाहीत त्यांना दलालीचा हिशेब घालणाऱ्या पुस्तकात किमान वेतन, भविष्यनिर्वाह निधीची कपात, जादा कामाचा दुप्पट दर आणि सावकाराचे चक्रवाढ व्याज यांना सन्मानाची जागा मिळायला काय हरकत होती? कर कसा भरावा हे शिकवले, मजुरी कशी मोजावी हे राहून गेले. पुस्तक लिहिणाऱ्यांचा हेतू वाईट नसेल. त्यांच्या डोळ्यांसमोरचा विद्यार्थी मात्र वेगळा असावा.

भूमितीबद्दल थोडक्यात. शक ९८२, म्हणजे ७८ मिळवून इसवी सन १०६०, हा काळ ज्याच्या शिलालेखात आहे ते अंबरनाथचे शिवमंदिर शिलाहारांच्या राजवटीत ज्या हातांनी उभारले, त्या हातांना ओळंबा, दोरी आणि गुण्या पुरत होता. तीन, चार, पाच अशा गाठींची दोरी ताणून काटकोन साधणारा गवंडी आजही त्याच गावात सापडतो. प्राचीन ग्रंथांत पायथागोरसच्या आधी काय होते यावर छाती फुगवणाऱ्यांना त्या गवंड्याच्या मुलाने समरूप त्रिकोणावरून कारखान्याच्या चिमणीची उंची काढावी याचे काही सोयरसुतक नसते. एक मीटर काठीची सावली ८० सेंटिमीटर पडत असेल आणि त्याच वेळी चिमणीची ४८ मीटर, तर उंची ६० मीटर. सेंटिमीटर आणि मीटर यांची गल्लत केली नाही तर यात अवघड काय आहे?

या तरतुदीला विरोध करताना एक गोष्ट प्रांजळपणे मान्य केली पाहिजे. गणितात नापास होऊन मुले शाळा सोडतात हे खोटे नाही, आणि पुरोगामी चळवळीतील अनेकांनीही याच कारणाने सौम्य परीक्षेची मागणी वेळोवेळी केली आहे. गणित हे उच्चवर्णीयांचे हत्यार आहे, बहुजनांच्या मुलांवर ते लादू नये, असे बोलणारे कार्यकर्ते आढळतात. हत्यार दुसऱ्याच्या हाती आहे म्हणून ते आपल्या मुलांनी हाती धरू नये, हा युक्तिवाद कोणत्या लढाईत खपेल? महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जे निवेदन दिले त्यात प्राथमिक शाळेत मोडी-बाळबोध वाचन-लेखनाबरोबर हिशेब मागितला होता. शेतकऱ्याच्या मुलाला हिशेब झेपणार नाही म्हणून सूट द्या, असे त्यांनी मागितले नाही. दामोदर कोसंबींनी प्राचीन नाण्यांची वजने घेऊन त्यांना संख्याशास्त्र लावले आणि त्या आकड्यांतून इतिहास वाचला. मार्क्सवाद्याला गणिताचे वावडे असते, ही समजूत निदान महाराष्ट्रात तरी चालू नये. कोठारी आयोगाने १९६६ मध्ये शाळेच्या पहिल्या दहा वर्षांत गणित आणि विज्ञान सर्वांना सक्तीचे असावे असे सुचवले, ते सर्वांना एकच शाळा असावी या मागणीच्या सोबतीने. त्यातली सक्ती राहिली, समान शाळा गेली, आणि आता सक्तीचीही दोन मापे होणार.

दोन मापांचा प्रयोग नवा नाही. ‘सामान्य गणित’ हा सोपा पर्याय राज्यात होताच. नववीला २०१७-१८ पासून आणि दहावीला त्याच्या पुढल्या वर्षापासून तो बंद करून सर्वांना एकच गणित ठेवले गेले. जो पर्याय समोरच्या दाराने बाहेर काढला तो मागच्या दाराने, आणि शेऱ्यासह, परत येतो आहे. निदान सामान्य गणित शिकवले तरी जात होते. वीस गुणांच्या गणितात शिकवायचेच काही नाही.

२०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात एकवीस, बासष्ट यांच्या जोडीला ‘वीस एक’, ‘साठ दोन’ असे संख्यावाचन आणले तेव्हा केवढा गहजब झाला! विधानसभेतही त्याची थट्टा झाली. मंगला नारळीकरांच्या समितीने मांडलेली ती सूचना पटो वा न पटो, तिचा रोख मुलाची वाट सोपी करण्याकडे होता. वाटेच्या टोकाचे गाव तेच होते. मराठीत बोलताना आधी एकक आणि लिहिताना आधी दशक, या उलटसुलटीत उल्हासनगरचे सिंधी वा हिंदी बोलणारे मूल किती गोंधळते हे तेथील शिक्षकांना विचारावे. त्या निरुपद्रवी बदलावर तुटून पडलेली मराठी विद्वत्ता, मुलाचे गावच बदलून टाकणाऱ्या या शेऱ्यापुढे मात्र गप्प आहे. भाषेचा अभिमान स्वस्तात मिरवता येतो. शिक्षकांच्या रिकाम्या जागा भरायला पैसे लागतात.

मागायचे ते नेमके मागावे. प्रमाणपत्रावर कोणताही शेरा नको. आज एक-दोन विषयांत राहिलेल्या मुलाला अकरावीत जाऊन ते विषय सोडवण्याची जी सवलत आहे ती शेऱ्याविना चालू राहावी. मार्चच्या परीक्षेचा निकाल लागल्यापासून जुलैच्या पुरवणी परीक्षेपर्यंत प्रत्येक नगरपालिका शाळेत गणिताचा मोफत वर्ग भरावा, आणि त्याला कंत्राटी नव्हे, पगारी शिक्षक असावा. पाचवी ते आठवीत गणित शिकवणारा गणित शिकलेला असावा. कारण दहावीत नापास होणारा मुलगा प्रत्यक्षात अपूर्णांकांच्या बेरजेत, म्हणजे पाचवीतच, नापास झालेला असतो आणि पाच वर्षे कोणी त्याच्याकडे वळून पाहिलेले नसते. हे वर्ग शासन सुरू करीपर्यंत संघटनांच्या कचेऱ्या संध्याकाळी सात ते नऊ उघडता येतील. फळा, खडू आणि त्या महिन्याची पगाराची चिठ्ठी एवढे सामान पुरे. पहिल्या दिवशी चिठ्ठीवरचा महागाई भत्ता मुलांकडून काढून घ्यावा आणि आलेले उत्तर मालकाने दिलेल्या आकड्याशेजारी फळ्यावर लिहावे.